शांताराम, व्ही. : दिग्दर्शकीय अधिकार व कार्यपद्धती

व्ही. शांताराम (संपूर्ण नाव शांताराम राजाराम वणकुद्रे : १८ नोव्हेंबर १९०१–३० ऑक्टोबर १९९०) हे विख्यात भारतीय चित्रपट दिग्दर्शक, निर्माते आणि अभिनेते. त्यांचा जन्म कोल्हापूर येथे झाला. तेथील महाराष्ट्र फिल्म कंपनीत उमेदवारी, प्रभात फिल्म कंपनीचे एक संस्थापक-भागीदार (१९२९–४२) आणि पुढे मुंबईच्या राजकमल कलामंदिराचे स्वामी अशा तीन अवस्थांतून त्यांची कारकीर्द गेली. १९८५ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना लाभला. त्यांच्या चित्रपटांचे आशय व तंत्र या दृष्टींनी विवेचन पुष्कळ झाले आहे. चित्रपटनिर्मितीतील त्यांचा प्रत्यक्ष अधिकार किती होता, तो कशावर आधारलेला होता आणि त्याला मर्यादा कोणत्या होत्या, हा प्रश्न मात्र बराच काळ आख्यायिकांवर सोपविण्यात आला. संग्रहालयांत जतन झालेल्या चित्रफिती, श्रेयनामावल्या, जाहिरातपुस्तिका, नियतकालिके आणि सहकाऱ्यांची आत्मचरित्रे एकत्र ठेवून पाहिली, म्हणजे या आख्यायिकांना पुष्कळच मुरड घालावी लागते.

आख्यायिका दोन प्रकारच्या आहेत. पहिलीनुसार शांताराम हे प्रभातचे सर्वस्व होते. कथा, चित्रचौकट, संकलन, नटांची निवड व त्यांची तालीम हे सर्व त्यांच्या एकट्याच्या प्रतिभेतून निर्माण होई आणि इतर भागीदार हे त्यांचे कुशल हस्तक होत. दुसरीनुसार ते कमालीचे कठोर व एकतंत्री होते, त्यांच्यापुढे कोणाचे काही चालत नसे. एक आख्यायिका गौरवाची व दुसरी तक्रारीची असली, तरी दोहोंचे गृहीतक एकच आहे : सत्ता एका माणसाच्या हाती होती. हे गृहीतक राजकमलच्या काळास बव्हंशी लागू पडते; प्रभातच्या काळास ते लागू पडत नाही. शांताराम यांच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटांपैकी बहुतेक प्रभातच्याच काळातील असल्यामुळे हा फरक केवळ इतिहासाचा राहत नाही, तो समीक्षेचाही होतो.

चित्रपटाचा खरा कर्ता दिग्दर्शकच होय, हा सिद्धांत १९५० नंतरच्या दशकात फ्रेंच समीक्षकांनी हिरिरीने मांडला व अमेरिकेत अँड्रू सॅरिस यांनी १९६२ पासून त्याचा प्रसार केला. पुढे हॉलिवुडमधील निर्मितिसंस्थांची दप्तरे विद्यापीठांच्या ग्रंथालयांत अभ्यासकांना खुली झाली, तेव्हा करारपत्रे, रोजच्या चित्रीकरणाचे अहवाल आणि निर्मात्यांच्या लेखी सूचना यांवरून या सिद्धांताची पुन्हा तपासणी सुरू झाली. चित्रीकरणापूर्वीच संपूर्ण चित्रपट कागदावर सिद्ध झालेला असतो, अशी ख्याती असलेला अ‍ॅल्फ्रेड हिचकॉक हा दिग्दर्शक प्रत्यक्षात चित्रीकरणाच्या वेळी पुष्कळ फेरबदल करीत असे, हे बिल क्रोन यांनी अशाच कागदपत्रांच्या आधारे दाखवून दिले (२०००). टॉमस शॅट्स यांनी तर उत्तम चित्रपटांचे श्रेय व्यक्तीबरोबर निर्मितिव्यवस्थेलाही दिले (१९८८). मराठी चित्रपटाच्या बाबतीत असा विचार करण्यास प्रभातइतके योग्य उदाहरण दुसरे नाही.

साधने : अमेरिकन निर्मितिसंस्थांसारखी सलग दप्तरे आपल्याकडे नाहीत, हे प्रथमच लक्षात घेतले पाहिजे. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले (२०२२ मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले). तोवर मूकपटांचा बहुतांश नष्ट झालेला होता. बाबूराव पेंटर यांच्या निर्मितीपैकी ‘सती सावित्री’ (१९२७) व ‘मुरलीवाला’ (१९२७) यांचे अंश तेवढे पाहावयास मिळतात. १९६० मध्ये प्रभातच्या जागेत शासनाची चित्रपटविषयक शिक्षणसंस्था उभी राहिली; तिच्या आवारातील भांडारास जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत ज्वालाग्राही नायट्रेट फितींचा मोठा साठा भस्मसात झाला. त्यात प्रभातच्या मूळ फितीही होत्या. चित्रपट आज उपलब्ध आहेत ते नंतर काढलेल्या प्रतींच्या रूपात.

लिखित साधनांत आत्मचरित्रांचा भरणा अधिक आहे. शांताराम यांचे ‘शांतारामा’ हे विस्तृत आत्मकथन, केशवराव धायबर व बाबूराव पेंढारकर यांच्या आठवणी, दुर्गा खोटे यांचे ‘मी, दुर्गा खोटे’, हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ आणि केशवराव भोळे यांचे संगीतविषयक लेखन ही त्यांपैकी प्रमुख होत. विष्णुपंत दामले १९४५ मध्येच निवर्तले. ते स्वभावतः मितभाषी होते. शेख फत्तेलाल यांनीही स्वतःविषयी फारसे लिहून ठेवले नाही. परिणामतः ज्याने सविस्तर लिहिले त्याचा वाटा मोठा आणि जो गप्प राहिला त्याचा लहान, असा हिशेब नकळत रूढ झाला. आत्मचरित्रकार खोटे सांगतो असे नव्हे. तो घटना स्वतःच्या जागेवरून पाहतो, एवढेच. म्हणून श्रेयनामावली, जाहिरातपुस्तिका आणि खुद्द चित्रफीत या मुक्या साधनांची साक्ष येथे अधिक मोलाची ठरते.

कोल्हापूरचा कारखाना : शांताराम यांच्या कार्यपद्धतीचे मूळ कोल्हापुरात व त्यातही बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांच्या शिकवणुकीत आहे. बाबूराव हे मेस्त्री घराण्यातील कारागीर. चुलत बंधू आनंदराव यांच्यासह त्यांनी नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविले. आनंदराव १९१६ मध्ये वारले. त्यानंतर दामले यांच्या साहाय्याने बाबूरावांनी स्वदेशी बनावटीचा कॅमेरा पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली. तिच्या प्रारंभीच्या भांडवलाचा भार तानीबाई कागलकर यांनी उचलला होता. ‘सैरंध्री’ (१९२०), ‘सिंहगड’ (१९२३) व ‘सावकारी पाश’ (१९२५) या तिच्या ख्यातनाम कृती होत. बाबूराव पात्रांची व नेपथ्याची रेखाटने स्वतः करीत, वेशभूषा ठरवीत, भित्तिपत्रके रंगवीत. तेथील व्यवस्था मात्र चित्रपटसंस्थेपेक्षा कारागिरांच्या कारखान्याची होती. शिकाऊ माणसाने पडेल ते काम करावे, सर्व हत्यारे हाताळावी आणि उस्तादाच्या नजरेखाली हळूहळू एखाद्या अंगात तरबेज व्हावे, अशी ती रीत होती. दामले यंत्रांत, फत्तेलाल चित्रकलेत व नेपथ्यात, धायबर छायाचित्रणात निष्णात झाले. १९२० च्या सुमारास दाखल झालेल्या शांताराम यांनी रसायनशाळेपासून अभिनयापर्यंत सर्व खात्यांत काम केले. ‘सुरेखाहरण’ (१९२१) मध्ये ते कृष्ण झाले आणि ‘सावकारी पाश’ मध्ये नागविला गेलेला शेतकरी. ‘नेताजी पालकर’ (१९२७) हा त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट.

अशा कारखान्यात दिग्दर्शकाचा अधिकार पदावरून ठरत नाही, हाताच्या कसबावरून ठरतो. उस्तादाचे ऐकावयाचे, कारण तेच काम तो आपल्याहून चांगले करून दाखवितो. शांताराम यांच्या ज्या शिस्तीचा पुढे एवढा बोलबाला झाला, तिचा उगम स्वभावात असेल तितकाच या संस्कारात आहे. प्रत्येक खात्याचे काम स्वतः जाणणारा दिग्दर्शक कोणत्याही खात्याच्या सबबी ऐकून घेत नाही. मात्र उस्तादाच्या अधिकाराला या रीतीतच एक मर्यादाही असते. ज्या अंगात दुसरा त्याच्याहून कसबी ठरतो, तेथे त्याला हुकूम सोडता येत नाही, सल्ला घ्यावा लागतो.

प्रभातमधील भागीदारी : १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, धायबर व शांताराम यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्या आर्थिक साहाय्याने कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना केली. पाच भागीदारांत भांडवल आणणारा एक व कारागीर चार अशी ही विभागणी होती. पेंटरांच्या कारखान्यातील चार कसबी शिष्यांनी उस्तादावाचून चालविलेला कारखाना, असे प्रभातचे वर्णन केल्यास ते फारसे चुकणार नाही. दिग्दर्शन शांताराम यांच्याकडे आले, पण ते निर्विवादपणे व एकट्याकडे नव्हे : ‘खुनी खंजीर’ (१९३०) व ‘राणीसाहेबा’ (१९३०) या मूकपटांचे दिग्दर्शक म्हणून धायबर यांचेही नाव नोंदलेले आहे. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या मराठीतील पहिल्या बोलपटाच्या वेळी कसोटी लागली ती प्रामुख्याने ध्वनिमुद्रणाची, आणि ती दामले यांनी पार पाडली. त्या वेळी यंत्राला ऐकू येईल तेथेच नटाने उभे राहावे लागे. कॅमेऱ्याची जागाही त्यामुळे ठरे. म्हणजे चित्रचौकटीचे स्वातंत्र्य, जे दिग्दर्शकाचे खास राज्य मानले जाते, ते ध्वनिमुद्रकाशी वाटून घ्यावे लागत होते.

१९३३ मध्ये कंपनी पुण्यास गेली. त्याच वर्षीच्या ‘सैरंध्री’ या बोलपटाच्या रंगीत प्रती जर्मनीत काढवून घेण्याचा प्रयत्न फसला. पण त्यानिमित्त शांताराम यांना जर्मन कलागृहे पाहता आली. त्याचा परिणाम ‘अमृतमंथन’ (१९३४) मध्ये स्पष्ट दिसतो. हिंदी आवृत्तीतील चंद्रमोहन या नटाच्या डोळ्यांची प्रचंड समीपदृश्ये आणि मंदिरातील अंधार-उजेडाची योजना यांवर जर्मन चित्रपटांची छाया आहे. प्रवासातून आलेली दृष्टी शांताराम यांची, छायाचित्रण धायबर यांचे, नेपथ्य फत्तेलाल यांचे आणि कथेचे मूळ नारायण हरी आपटे यांच्या कादंबरीत. ‘सावकारी पाश’ची कथाही याच आपट्यांची होती, हे विसरता कामा नये. ज्याला शांतारामी चित्रपट म्हणून ओळखले जाते, त्याचा साहित्यिक गाभा कोल्हापुरातच रुजला होता.

पुण्यातील निर्मितीची नुसती गणती केली, तरी रूढ समजुतीला धक्का बसतो. १९३४ ते १९४१ या काळात प्रभातने १४ कथाचित्रे काढली. त्यांपैकी शांताराम यांनी दिग्दर्शित केलेली सात : ‘अमृतमंथन’, ‘चंद्रसेना’, ‘धर्मात्मा’, ‘अमरज्योती’, ‘कुंकू’, ‘माणूस’ आणि ‘शेजारी’. उरलेली सात इतरांची. धायबर यांनी ‘रजपूत रमणी’, के. नारायण काळे यांनी ‘वहाँ’ व ‘माझा मुलगा’, दामले-फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’, ‘गोपालकृष्ण’ व ‘संत ज्ञानेश्वर’ आणि या दोघांनी राजा नेने यांच्यासह ‘संत सखू’ दिग्दर्शित केला. प्रभात म्हणजे शांताराम हे समीकरण अशा रीतीने निम्म्या निर्मितीलाच लागू पडते.

आणि त्या उरलेल्या निम्म्यात ‘संत तुकाराम’ (१९३६) आहे. व्हेनिसच्या १९३७ च्या चित्रपट महोत्सवात गौरव झालेली, मुंबईच्या एकाच चित्रपटगृहात ५७ आठवडे चाललेली ही कृती. ‘अमृतमंथन’मधील भव्यता व ठसठशीत छायाप्रकाश यांचा तिच्यात मागमूस नाही. कॅमेरा विष्णुपंत पागनीस यांच्या चेहऱ्यापाशी संथपणे थांबतो; आवलीच्या संसारातील गोठा, चूल, म्हैस यांना चमत्कारांइतकेच वजन मिळते. त्याच आवारात, त्याच साधनांनी, बव्हंशी त्याच कर्मचाऱ्यांकडून इतकी भिन्न प्रकृतीची कृती निर्माण व्हावी, यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, दिग्दर्शकाचे व्यक्तित्व ही कल्पित वस्तू नाही, ते पडद्यावर ओळखता येते. दोन, प्रभातच्या व्यवस्थेत अशी एकाहून अधिक व्यक्तित्वे नांदू शकत होती. शांताराम यांची सत्ता तेथे इतरांची वाट अडविण्याइतकी नव्हती. श्रेय कसे निसटते याचे एक उदाहरण याच चित्रपटात सापडते. शांताराम आठवले यांनी त्यासाठी रचलेला एक अभंग लोक तुकारामांचाच समजत आले. कलावंताने परकाया-प्रवेश इतका पूर्ण केला की त्याचे नावच पुसले गेले. दामले-फत्तेलाल यांचेही काहीसे असेच झाले.

‘कुंकू’ची साक्ष : शांताराम यांचा अधिकार आणि सहकाऱ्यांचा वाटा यांचा परस्परसंबंध ‘कुंकू’ (१९३७) या चित्रपटात सर्वांत चांगला दिसतो. जरठ विधुराशी फसवून लग्न लावलेली तरुण नीरा त्या विवाहाला मनोमन नकार देते आणि अखेरीस वृद्ध पतीलाच आपल्या अपराधाची जाणीव होते, हा त्याचा विषय. कथा व पटकथा ना. ह. आपटे यांची, ‘न पटणारी गोष्ट’ या त्यांच्याच कादंबरीवरून. काकासाहेबांचे काम केशवराव दाते यांचे आणि संगीत केशवराव भोळे यांचे. दाते, भोळे व प्रभातमध्येच असलेले काळे हे तिघेही १९३३ मध्ये स्थापन झालेल्या नाट्यमन्वंतर या संस्थेतील होत. मराठी रंगभूमीवर इब्सेनी वळणाचा वास्तववाद आणण्याचा प्रयत्न त्या संस्थेने केला होता. आवाज चढवून न बोलणे, थांबणे, पाठमोरे उभे राहणे हे अभिनयाचे नवे संकेत या मंडळींनी तेथेच कमावले. ‘कुंकू’तील दात्यांचा संयम दिग्दर्शकाने शून्यातून घडविला असे म्हणता येणार नाही, तो तयार होऊन आला होता. पण ही माणसे हेरणे, त्यांना बोलपटाच्या चौकटीत बसविणे आणि त्यांच्या रंगभूमीवरील सवयीतून पडद्याला अनुरूप तेवढेच उचलणे, हे काम शांताराम यांचे. निवड हाही निर्मितीचा प्रकार आहे, आणि त्यात ते अद्वितीय होते.

या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. प्रसंगातील घड्याळाची टिकटिक, ग्रामोफोन, रस्त्यावरचा आवाज यांतूनच सर्व ध्वनियोजना साधली आहे. फुटक्या आरशात काकासाहेबांना स्वतःची अनेक प्रतिबिंबे हसताना दिसतात, तो प्रसंग तर पाठ्यपुस्तकांत जावा असा. एवढा कठोर संयम पाळावयाचा तर संगीतकार, ध्वनिमुद्रक, कलादिग्दर्शक व संकलक यांनी आपापले कौतुक बाजूला ठेवावे लागते. अशा वेळी दिग्दर्शकाची सत्ता म्हणजे ‘हे नको’ म्हणण्याची सत्ता होय. ती कोणत्याही श्रेयनामावलीत लिहिली जात नाही. दप्तरांवर भिस्त ठेवणाऱ्या अभ्यासकाने हे विशेष ध्यानात ठेवावे. कागदावर नोंद असते ती जे झाले त्याची.

प्रभातचे अनेक बोलपट मराठी व हिंदी अशा दोन आवृत्त्यांत निघत : ‘कुंकू’–‘दुनिया न माने’, ‘माणूस’–‘आदमी’, ‘शेजारी’–‘पडोसी’. अशा जोड्या कार्यपद्धतीच्या अभ्यासाचे उत्कृष्ट साधन आहेत. एकाच नेपथ्यावर दोन भाषांचे चित्रीकरण करावयाचे तर चौकटी, हालचाली व दिवे आधीच पक्के ठरलेले असावे लागतात. महिनेवारी पगारावर नेमलेला नटसंच, लांबलचक तालमी, स्वतःची रसायनशाळा व संकलनकक्ष यांमुळेच ते शक्य होई. ‘शेजारी’ (१९४१) मधील हिंदू-मुस्लिम मित्रांच्या जोडीत गजानन जागीरदार दोन्ही आवृत्त्यांत मुसलमान मिर्झा झाले. हिंदू मित्र मराठीत केशवराव दाते यांनी, तर हिंदीत मझहर खान यांनी रंगविला. हिंदू नटाने मुसलमान व मुसलमान नटाने हिंदू व्हावे, ही हिंदी आवृत्तीतील योजना चित्रपटाच्या आशयाशी पूर्ण सुसंगत आहे. विश्राम बेडेकर यांच्या लेखनातील भूमिका आणि दिग्दर्शकाची पात्रयोजना येथे एकमेकींना पूरक ठरल्या आहेत.

सत्तेची दुसरी बाजू : बाहेरून येणाऱ्या अधिकारापुढे मात्र संपूर्ण कंपनीलाच नमावे लागे. ‘स्वराज्य तोरण’ हे शिवचरित्रपर मूकपटाचे नाव परीक्षण मंडळाच्या आक्षेपामुळे बदलून ‘उदयकाल’ (१९३०) करावे लागले. संत एकनाथांवरील ‘महात्मा’चा त्याच कारणाने ‘धर्मात्मा’ (१९३५) झाला. कंपनीच्या आत सत्तेची झळ सर्वांत अधिक कोणाला लागे, हे भागीदारांच्या आठवणींतून कळत नाही. ते कळते नट-नटींच्या लेखनातून. ‘कुंकू’तील नीरा साकारणाऱ्या शांता आपटे यांनी १९३९ मध्ये करार व वेतन यांवरील वादातून प्रभातच्या फाटकापाशी उपोषण केले. पुढच्याच वर्षी त्यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. चित्रपटसृष्टीत येऊ पाहणाऱ्या तरुण-तरुणींना उद्देशून लिहिलेल्या या पुस्तकात पैसा, करार व श्रम यांचे जे विश्लेषण आहे, ते त्या काळच्या कोणत्याही चित्रपटविषयक मराठी लेखनाहून धीट आहे. प्रभातच्या प्रसिद्धिपुस्तिकांत हसऱ्या चेहऱ्यांचे एक कुटुंब दिसते. या पुस्तकात नटी ही राबणारी व्यक्ती म्हणून दिसते. विवाहसंस्थेतील अन्यायाला पडद्यावर नकार देणाऱ्या स्त्रीला आपल्या सेवेच्या अटींसाठी त्याच कलागृहाबाहेर अन्न वर्ज्य करावे लागले, ही गोष्ट ‘कुंकू’च्या मूल्यमापनातून वगळता येत नाही. त्यामुळे चित्रपट लहान होत नाही. त्याचे पुरोगामित्व कोठे संपत होते, ते कळते. या वादाचे उत्तरदायित्व एकट्या शांताराम यांच्यावर टाकणे हेही पुन्हा आख्यायिकेच्याच आहारी जाणे होईल. करार कंपनीचा होता आणि कंपनी भागीदारांची होती. दुर्गा खोटे यांच्यासारख्या सुस्थित घरातून आलेल्या अभिनेत्रीने त्याच शिस्तीविषयी पुढे आदराने लिहिले, हेही नोंदविले पाहिजे. दोन्ही साक्षी खऱ्या आहेत. शिस्तीचा अर्थ ती स्वीकारणाऱ्याच्या परिस्थितीनुसार बदलतो.

भागीदारीलाही तडे गेले. धायबर यांनी अभिनेत्री नलिनी तर्खड यांच्याशी विवाह केला व ते प्रभातमधून बाहेर पडले. शांताराम यांचा अभिनेत्री जयश्री यांच्याशी १९४१ मध्ये विवाह झाला आणि १९४२ मध्ये त्यांनीही प्रभात सोडली. त्यानंतर ‘रामशास्त्री’ (१९४४) सारखा नामांकित चित्रपट कंपनीने काढला, पण पुढील दशकाच्या प्रारंभी ती बंद पडली. शांताराम गेले म्हणून प्रभात बुडाली, असा निष्कर्ष यावरून नेहमी काढला जातो. तो घाईचा आहे. दामले यांचा मृत्यू, युद्धकाळातील कच्च्या फितीची टंचाई, काळ्या पैशाच्या जोरावर नटांना पळविणारे नवे निर्माते आणि पगारी नटसंचाच्या पद्धतीचा सर्वत्र झालेला ऱ्हास ही कारणे तितकीच बलवत्तर होती.

राजकमल : वडील राजाराम व आई कमला यांच्या नावांवरून शांताराम यांनी आपल्या मुंबईतील संस्थेचे नाव राजकमल कलामंदिर असे ठेवले. हा तपशील बोलका आहे. प्रभातचे नाव कोणाच्याच घराचे नव्हते. येथे निर्माता, दिग्दर्शक, मालक आणि पुष्कळदा प्रमुख नट एकच होता. ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६), ‘अमर भूपाळी’ (१९५१) व ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) ही या काळातील वैभवे होत. शेवटच्या चित्रपटाला बर्लिन महोत्सवात पारितोषिक मिळाले. परंतु ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) आणि ‘नवरंग’ (१९५९) यांतील रंगांची उधळण, लांबलेली नृत्ये आणि भाषणबाजी पाहताना ‘हे नको’ म्हणणारा दुसरा कोणी तेथे उरला नव्हता, असे वाटल्यावाचून राहत नाही. ‘कुंकू’मधील संयमाला दिग्दर्शकाची दृष्टी जितकी कारण होती, तितकीच त्याला बरोबरीच्या नात्याने अडविणाऱ्या माणसांची उपस्थितीही कारण होती. ‘दो आँखें’ हा अपवाद आहे आणि तो या मताला पोषकच आहे : ग. दि. माडगूळकर यांची आटोपशीर कथा आणि ओसाड माळरान यांनी तेथे दिग्दर्शकाच्या अलंकारप्रियतेला आपोआप वेसण घातली. प्रभातच्या कोल्हापुरातील दिवसांत उमेदवारी केलेले वसंत देसाई या चित्रपटाचे संगीतकार होते.

सत्तेच्या या स्थित्यंतराचे सर्वांत बोलके उदाहरण ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) हे होय. राजकमलच्या या चित्रपटासाठी शांताराम यांनी आपले गुरू बाबूराव पेंटर यांना दिग्दर्शक म्हणून आणले. महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडल्यावर बाबूरावांनी ‘उषा’ (१९३५) व बोलपटरूपातील ‘सावकारी पाश’ (१९३६) असे मोजकेच चित्रपट केले होते. त्यांच्या कामाची गती कारागिराची, मन लागेल तशी. राजकमलची गती वेळापत्रकाची. चित्रपट पुरा होताना शांताराम यांनी दिग्दर्शनाची सूत्रे हाती घेतली आणि चित्रपटसूचींत दिग्दर्शक म्हणून दोघांचीही नावे येतात. जयराम शिलेदार व हंसा वाडकर यांच्या भूमिका, माडगूळकरांची पदे आणि देसाईंचे संगीत यांमुळे तमाशाप्रधान मराठी चित्रपटांच्या दीर्घ परंपरेला त्यातून चालना मिळाली. चित्रपट बारकाईने पाहिल्यास गुरूचा हात कोठे थांबला व शिष्याचा कोठे सुरू झाला, हे काही ठिकाणी ओळखता येते : वाड्यांच्या व वेशभूषेच्या तपशिलांत रमणारा, स्थिर चित्रासारखा चौकटीचा तोल सांभाळणारा भाग एक, आणि फडाच्या जुगलबंदीतील वेगवान, टाळ्यांच्या अंदाजाने बेतलेले संकलन दुसरा. पंचवीस वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या कारखान्यात बाबूरावांच्या हाताखाली पडेल ते काम करणाऱ्या शिष्याच्या कलागृहात आता अंतिम शब्द शिष्याचा होता. श्रेयनामावलीत मात्र त्याने गुरूचे नाव राहू दिले.